पगारे मॅडम मेल तपासतात

छापून काढलेल्या मेलमधल्या लिंकवर व्हाइटनर लावणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या डिस्पॅच खात्यातल्या सुशीला पगारे.

त्या पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा मला नोकरीला लागून चार दिवस झाले होते. हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं. त्यातून त्यांनी एक कागद काढला, माझ्यासमोर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "सकाळी आलाय हा मेल. संशयास्पद आहे. जपून उलटा कर."

मी उलटा केला. कुठल्याशा कुरिअरवाल्याच्या नावाने आलेला मेल होता आणि मधोमध एक जाड पांढरा पट्टा. इथे काय होतं, म्हणून विचारलं. तर लिंक होती, म्हणाल्या. झाकून टाकली, चुकून कुणाचा हात लागायला नको.

कागदावरच्या लिंकला हात लागून काहीही होत नाही, हे मी त्यांना नव्या नोकरीच्या उत्साहात पाच मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस, तुझं बरोबरच असेल. पण लावला व्हाइटनर तर नुकसान काय?"

ते नुकसान मी तेव्हापासून शोधतोय. सात वर्षं झाली, अजून सापडलेलं नाही.

आमची कंपनी अंधेरीला मरोळच्या बाजूला आहे. पाण्याच्या पंपांना लागणारी रबरी सील आम्ही बनवतो. इमारतीचे खालचे दोन मजले कारखाना, वर ऑफिस. आयटी खातं म्हणजे मी आणि एक पंखा. कॉम्प्युटर बंद पडला, प्रिंटरमध्ये कागद अडकला, कुणाचा पासवर्ड हरवला की सगळे "ए नितीन" म्हणून हाक मारतात. मी भांडुपहून येतो, पगारे मॅडम घाटकोपरहून. माहेर येवल्याकडचं. ऑफिसात सगळ्यात जुन्या त्या आणि खरेदी खात्यातला परब. त्या लागल्या तेव्हा टपाल बघायच्या. पोस्टमन आला की प्रत्येक पाकीट उलटसुलट करून, शिक्का वाचून, आवकच्या वहीत चढवायचं आणि मगच ज्याचं त्याला द्यायचं. पुढे टपाल आटलं, मेल आले. मॅडमच्या मते फरक एवढाच पडला की पोस्टमन दिसेनासा झाला. पाकीट तपासायचं काम तर आहेच.

कुठलाही मेल आला की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पाहुणा कुठला?" मेलच्या पत्त्यात 'अ‍ॅट'च्या पुढे जे असतं त्याला त्या गाव म्हणतात. नाव काय, कुणीही कुणाचंही लावेल, गाव बघायचं, हा त्यांचा सिद्धांत. एकदा जेवताना कुणीतरी त्यांची थट्टा केली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी जन्मात कुणाला जात विचारली नाही. ज्यांना विचारली गेली, त्यांच्यातली मी. पण मेलला गाव विचारल्याशिवाय घरात घेत नाही." थट्टा करणारा आमटीत बघत बसला.

कंपनीने मेलमध्ये एक बटण बसवून घेतलं होतं. संशय आला की बटण दाबायचं, मेल माझ्याकडे येतो. बाकीचं ऑफिस महिन्यातून एकदा बटण दाबायचं, तेही बहुधा चुकून. मॅडम रोज दाबायच्या, आणि बटण दाबल्यावर मी ते बघितलं का, हे बघायला स्वतः यायच्या. एका दिवाळीत त्यांनी चक्क आमच्या मोठ्या साहेबांचा शुभेच्छांचा मेल संशयास्पद म्हणून कळवला. मी म्हटलं, मॅडम, पत्ता साहेबांचाच आहे. त्या म्हणाल्या, "पत्ता आहे रे. पण वर 'प्रिय सहकारी' लिहिलंय. नाडकर्णी साहेब इतक्या वर्षांत कुणाला प्रिय म्हणालेत?" मी चौकशी केली. मेल साहेबांनी लिहिलाच नव्हता. त्यांच्या नावाने एचआरमधल्या मुलीने लिहिला होता. म्हणजे संशय तसा खराच होता.

पैसे, माल, गाडी यांच्याशी संबंध असलेला मेल आला की त्या समोरच्याला फोन लावायच्या. वसईच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला तर आठवड्यातून दोनदा विचारायच्या, की तुमच्या नावाने मेल आलाय तो तुम्हीच पाठवलाय ना. सुरुवातीला तो वैतागायचा. नंतर तो मेल पाठवून लगेच स्वतःच फोन करायला लागला. मग बोलणं त्याच्या बायकोच्या गुडघ्यांवर जायचं. ऑपरेशन कुठे करावं हे मॅडमनीच त्याला सुचवलं म्हणे.

एकदा साहेबांच्या हुकमावरून मी सगळ्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. खोटा मेल तयार केला. कंपनीतर्फे पावसाळी सहल, येणाऱ्यांनी खालच्या लिंकवर नाव नोंदवावं. जो दाबेल तो नापास. अर्धं ऑफिस दुपारपर्यंत नापास झालं. साहेबांनी तर स्वतःच हुकूम दिलेला विसरून दोनदा नोंदणी केली, एकदा स्वतःची आणि एकदा बाईसाहेबांची. पगारे मॅडम फोल्डर घेऊन आल्या. लिंकवर व्हाइटनर होताच. हळूच मला म्हणाल्या, "हा तूच पाठवलायस ना रे? 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकवणारा या कंपनीत एकच माणूस आहे."

त्यांची सगळ्यात जास्त टर उडवायचा परब. कणकवलीकडचा माणूस, वडील गिरणीत होते, आता घर बोरिवलीला. आवाज मोठा, मन साफ, भाषा आखूड. त्याचे मेल दोन शब्दांचे असायचे. 'माल कधी.' किंवा 'रेट सांग.' पुढे प्रश्नचिन्हही नाही. जाता-येता तो मॅडमच्या टेबलावर टकटक करून विचारायचा, "काय गो पगारे, आज किती चोर गावले?" त्या मान वर न करता म्हणायच्या, एक राहिलाय, समोर उभा आहे. कधी तो मुद्दाम त्यांना कसला तरी विचित्र मेल करायचा आणि त्या माझ्याकडे धावत येतात का ते खुर्ची मागे करून बघायचा. त्या यायच्याच. आणि तो हसायचा. पण त्याच्या खोड्या आहेत हे माहीत असूनही त्यांनी कधी एकही मेल सोडला नाही.

गेल्या वर्षी एका मंगळवारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर, पगारे मॅडमना परबाचा एक मेल आला. 'नमस्कार. कृपया सोबतचे कागदपत्र पाहून घ्यावे.' खाली लिंक. पत्ता परबाचाच, आमच्याच कंपनीचा. गाव बरोबर, नाव बरोबर. मॅडमच्या नियमाने मेल घरात घ्यायला हरकत नव्हती. पण या माणसाने आयुष्यात त्यांना कधी 'कृपया' म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी बटण दाबलं नाही. फोल्डर घेतलं नाही. माझ्याकडेही आल्या नाहीत. सरळ उठून परबाच्या टेबलाशी गेल्या.

पुढचं मला नंतर दोघांकडून कळलं. परब स्क्रीन बंद करून बसला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. सकाळी साडेदहाला त्याला एक मेल आला होता, की तुमची मेलपेटी भरली आहे, पासवर्ड पुन्हा टाका, नाहीतर बंद होईल. त्याने घाईत टाकला. अकरा वाजल्यापासून बाहेरच्या पार्ट्यांचे फोन सुरू झाले, की तुम्ही हे काय पाठवलंय. काय झालं ते त्याला तेव्हाच कळलं. पण कुणाला सांगायचं धाडस होईना. साहेबांनी महिन्याभरापूर्वीच नोटीस लावली होती की निष्काळजीपणा केलात तर कारवाई होईल. परबाची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. तो प्रत्येक फोनला 'उघडू नको, चुकून गेला' एवढंच सांगत होता आणि दुपारपर्यंत जेवलाही नव्हता.

मॅडमनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. काय केलंस, असं विचारलं नाही. विचारलं, "किती वाजता?"

परब म्हणाला, साडेदहा.

"मग चल. जितका उशीर तितकं वाढेल."

तो म्हणाला, माझं नाव सांगू नको. त्या म्हणाल्या, मी काही सांगत नाही, तूच सांगायचं, मी नुसती उभी राहते.

ते दोघं माझ्या टेबलाशी आले तेव्हा मला वाटलं नेहमीचं भांडण घेऊन आलेत. मॅडम म्हणाल्या, परब बोलेल, मध्ये बोलू नकोस. मग परब बोलला. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचं बोलणं ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. मी त्याचं खातं बंद केलं, पासवर्ड बदलला, ज्यांना ज्यांना मेल गेले होते त्यांना कळवायला घेतलं. मॅडमनी यादीतले निम्मे फोन स्वतः लावले. त्यांना तसले फोन करायची सवय होतीच, आणि समोरच्यांनाही ऐकायची. दोघातिघांनी लिंक दाबली होती, त्यांना वेळेवर सांगता आलं. पाच वाजेपर्यंत सगळं आटोक्यात आलं.

पाच वाजता साहेबांनी बोलावलं. मला आणि परबाला. मॅडमना कुणी बोलावलं नव्हतं, त्या आल्या. साहेब चिडलेले होते, पण ओरडले नाहीत. मला म्हणाले, सगळ्या ऑफिसला मेल टाक. काय घडलं, कुणाकडून घडलं, नावानिशी लिही, म्हणजे बाकीचे शिकतील. आणि मी, सांगायला लाज वाटते, लॅपटॉप उघडलासुद्धा. परब फरशीकडे बघत होता.

मॅडम म्हणाल्या, "साहेब, नाव घालू नका."

साहेब म्हणाले, का नको? चूक केली आहे.

"केली. आणि स्वतः येऊन सांगितली. आज त्याचं नाव छापलंत तर उद्यापासून कुणी सांगायला येणार नाही. चुका व्हायच्या त्या होतीलच, फक्त लपून होतील. तुमच्या हातून उद्या झाली तर तुम्ही तरी नितीनला सांगाल का?"

साहेबांना बहुधा पावसाळी सहल आठवली असावी. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, नाव राहू दे, बाकीचं लिही.

नाव गेलं नाही. पण ऑफिसात अशा गोष्टी कळायच्या राहतात थोड्याच. दुसऱ्या दिवशी परब कँटीनमध्ये आला नाही. टेबलावरच डबा उघडून बसला, भिंतीकडे तोंड करून. मॅडम आपला डबा उचलून त्याच्याकडे गेल्या, सरक म्हणाल्या आणि जेवल्या. मेलबद्दल एक अक्षर नाही. त्याला भाकरी दिली, त्याच्या डब्यातली कोलंबी घेतली. मीठ जास्त झालंय म्हणाल्या. तो म्हणाला, बायकोला सांगतो. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी परब स्वतःच डबा घेऊन कँटीनमध्ये आला, वर कँटीनचा भातही घेतला आणि तो कसा गिचका झालाय म्हणून नेहमीच्या आवाजात आचाऱ्याशी भांडला. सगळ्यांना बरं वाटलं.

मला मात्र एक गोष्ट सुटत नव्हती. त्या दुपारी त्यांनी बटण का दाबलं नाही? पुढच्या आठवड्यात चहाच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी विचारलंच. त्यांनी कप खाली ठेवला. मग सांगायला लागल्या.

मी या कंपनीत लागायच्या आधीची गोष्ट. डिस्पॅचला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मीनल तांबे म्हणून एक बाई होत्या. नऊ वर्षं दोघींच्या खुर्च्या शेजारी. चहा एक, डबा एक, घरच्या कटकटी एकमेकींना पाठ. एका सकाळी एक मेल आला. मॅडमना बघताक्षणी वाटलं, यात काहीतरी गडबड आहे. त्यांनी तो पुसून टाकला आणि चहा घ्यायला उठल्या. परत येईपर्यंत मीनलताईंनी तोच मेल उघडला होता. डिस्पॅचचे सगळे कॉम्प्युटर तीन दिवस बंद राहिले. त्या वेळच्या मॅनेजरने सगळ्या ऑफिसला मेल टाकला, नावानिशी. मग हसणं सुरू झालं. त्या कँटीनमध्ये आल्या की कुणीतरी म्हणायचं, उघडू नका रे, डबा उघडू नका.

"मी दोनदा गप्प बसले," मॅडम म्हणाल्या. "एकदा मेल आला तेव्हा. वाटलं, आपला पुसला, आपलं काम झालं. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं, हातभर लांब बसायची ती. आणि दुसऱ्यांदा सगळे हसत होते तेव्हा. मीनलला मी कधी सांगितलंच नाही की मला कळलं होतं."

महिनाभरात मीनलताईंनी नोकरी सोडली. जाताना फक्त 'येते' म्हणाल्या. फोन नंबर बदलला. त्याला अकरा वर्षं झाली.

चहा गार झाला. मग त्या म्हणाल्या, जरा माझ्या टेबलाशी येतोस? त्यांच्या कॉम्प्युटरवर, न पाठवलेल्या मेलमध्ये, एक मेल लिहून ठेवलेला होता. मीनलताईंचा घरचा मेलचा पत्ता त्यांना एका जुन्या वहीत सापडला होता. मजकूर चारच ओळींचा. तो मेल मलाही आला होता, मी ओळखला होता, तुला सांगितलं नाही, माझं चुकलं. खाली सुशीला. लिहिल्याची तारीख बघितली तर चार वर्षांपूर्वीची होती.

मी म्हटलं, पाठवा. त्या म्हणाल्या, तिला वाटेल, आत्ता कशाला उकरून काढते. मी म्हटलं, वाटेल कदाचित. मग त्यांनी माझ्याकडे न बघता तो पाठवून दिला आणि गाड्यांची चलनं लावायला बसल्या.

एक आठवडा काही आलं नाही. बाकीचे मेल कळवणं नेहमीसारखं चालू होतं.

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. मेल सकाळीच आला होता. त्यांनी तो उघडलाच नव्हता. दुपारपर्यंत नुसतं नाव बघत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, तू वाच, मोठ्याने नको.

मी उघडला आणि हळू आवाजात वाचला. 'सुशीला, त्या मेलवर वरती आपल्या दोघींची नावं होती. तुलाही आला होता हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तू काही बोलशील म्हणून वाट बघितली. मग राग आला. मग रागही गेला आणि फोन करायची सवय गेली. गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही. मुलुंडलाच आहे. ये. मीनल.'

खाली पत्ता होता.

मॅडम म्हणाल्या, दुसरी ओळ परत वाच. मी परत वाचली. त्यांनी मान हलवली, जसं कुणी आपली जुनी शंका खरी निघाल्यावर हलवतं तशी, आणि चष्मा काढून पदराने बराच वेळ पुसत राहिल्या. अकरा वर्षं त्यांनी जे लपवलं होतं ते जिच्यापासून लपवलं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घाटकोपर ते मुलुंड अंतर ते काय.

मी म्हटलं, रविवारी जाऊन या. त्या म्हणाल्या, नाही, आज. ड्रॉवरमधून रजेचा अर्ज काढला, अर्ध्या दिवसाचा, आणि लिहून माझ्या हातात दिला. साहेबांना दे म्हणाल्या, मला निघायला हवं, जाताना तिच्यासाठी काहीतरी घ्यायचंय.

कारण लिहायच्या जागी आम्ही सगळे 'वैयक्तिक' लिहितो. त्यांनी नीट, टपालाच्या वहीत लिहायच्या त्या अक्षरात लिहिलं होतं, 'मैत्रिणीकडे जायचे आहे.' मी तो अर्ज साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला, तोवर त्या जिना उतरून गेल्या होत्या.